हूक लोडर घ्यायचाय: गाडीला कर्ज मिळतंय, डब्यांना कोण देतं? (वाळूज)

गंगापूर_फाटा (धागाकर्ता)

राम राम मंडळी. वाळूज एमआयडीसीत कंपन्यांचा कचरा उचलायचं आमचं काम आहे. पुठ्ठा, तुटलेली पॅलेट, शॉप फ्लोअरचा झाडलेला कचरा, कँटीनचा ओला. दोन छोटा हत्ती आणि एक ट्रॅक्टर-ट्रॉली एवढाच पसारा. आता तीन कंपन्या एकच म्हणायल्यात: रोज पोरं आणून भरत बसू नका, मोठा डबा आमच्या आवारात ठेवा, भरला की उचला आणि रिकामा ठेवून जा. म्हणजे हूक लोडर (मागच्या हायड्रॉलिक हूकने अख्खा डबा ओढून घेणारी गाडी) घेणं आलं.

सहा चाकी चेसिस, वरचं हायड्रॉलिक आणि आठ डबे असा हिशोब धरलाय. घरचे पैसे टाकून वर 30 लाखांचं कर्ज लागेल. समोर तीन गोष्टी आहेत.

शोरूममधला फायनान्सवाला म्हणतो पाच वर्षं, "फक्त 7 टक्के", चार दिवसांत पास. बँक 11 टक्के सांगते, पण शेत तारण मागते. शेत वडिलांच्या नावावर आहे आणि ते सातबारा द्यायला तयार नाहीत, त्यांचंही चूक म्हणता येत नाही. तिसरं, एका मोठ्या ठेकेदाराने शेजारच्या नगर परिषदेचं काम घेतलंय, तो म्हणतो गाडी माझ्याकडे लाव, पाच वर्षं बघायचं काम नाही.

फायनान्सवाला म्हणतो डब्यांना कर्ज बसत नाही, चेसिस आणि बॉडीलाच बसतं. मग डब्यांचं काय करायचं? जाणकारांनी सांगावं.

हप्तेबाज

7 विरुद्ध 11 असं बघूच नका, ते दोन आकडे एका जातीचे नाहीत. शोरूमवाल्याचे 7 म्हणजे फ्लॅट, शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर व्याज. 30 लाखांवर 7 टक्क्यांनी पाच वर्षांचं व्याज साडेदहा लाख. झाले साडेचाळीस, भागिले 60, हप्ता 67,500. बँकेचे 11 घटत्या शिलकीवर. तिथे हप्ता येतो साधारण 65,200 आणि व्याज सव्वानऊ लाखांच्या आत. म्हणजे 7 वालाच महाग. घटत्या शिलकीच्या भाषेत त्याचा दर साडेबारा पडतो. कागदावर सही करायच्या आधी केएफएस, म्हणजे कर्जाच्या अटींचा सारांश कागद, मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जालाही ते सक्तीचं केलंय. त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो, प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरून वर्षाचा खरा दर. दोन्हीकडचे तेवढे दोन आकडे शेजारी ठेवा, बाकी बोलणं सोडून द्या.

गंगापूर_फाटा

आयला. मी तर घरी सांगून बसलो होतो की 7 टक्क्यांनी मिळालं.

जालना_सळई

कामून आठ डबे? तीन कंपन्या ना? मग जितक्या जागा तितके डबे आणि वर एक. गाडी रिकामा डबा घेऊन जाते, तो उतरवते, भरलेला उचलते, खाली करून पुढच्या कंपनीत तोच ठेवते. तीन जागांना चार डबे पुरतात. एखाद्या कंपनीत ओला-सुका वेगळा ठेवायचा असेल तर पाच. आठ हा आकडा तुम्हाला डबे बनवणाऱ्याने सांगितला असणार.

दुसरं, हूकची उंची बघून घ्या. डब्याच्या पुढच्या कडीची उंची आणि गाडीच्या हूकची उंची जुळली नाही तर डबा शोभेला ठेवावा लागतो. मोठ्या गाड्यांना 1570 मिमी ही जर्मन मापाची उंची बरीच चालते, पण छोट्या मॉडेलला वेगळी असते. हायड्रॉलिक एकाकडून आणि डबे दुसऱ्याकडून घेणार असाल तर दोघांना एकच ड्रॉइंग द्या, तोंडी सांगू नका.

भोकरदनी

यूट्यूबवर अमेरिकेच्या गाड्या बघतो, त्यात वायर रोपने डबा ओढून घेतात. ते चांगलं का हे?

जालना_सळई

ते केबल होइस्ट. लांब आणि जड डब्यांना ते बरं, वेगवेगळ्या लांबीचे डबे घेता येतात. पण दर वेळी ड्रायव्हरला खाली उतरून दोर अडकवावा लागतो. हूकवाल्यात कॅबिनमधून काम होतं. आपल्याकडे दुरुस्तीला माणूस आणि पार्ट मिळतात ते हूकचे. फायनान्सवाल्यालाही उद्या ओढून नेलेली गाडी विकायची असते. अनोळखी यंत्रावर तो हात आखडता घेतो.

निवृत्त_रोखपाल

लातूर, नांदेडच्या शाखांत कर्ज विभागात काम केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बँक किंवा फायनान्स कंपनी कशाला कर्ज देते? ज्याला नंबर प्लेट आहे आणि ज्याच्या आरसीवर बोजा चढवता येतो त्याला. चेसिस त्यात बसते. वरचं हायड्रॉलिक बॉडी म्हणून बसतं, पण त्याला मार्जिन (आपले घरचे पैसे) जास्त मागतात आणि पैसे थेट बॉडी बिल्डरला जातात. डब्याला ना नंबर, ना आरसी. तो रात्रीतून कुठल्याही आवारात जाऊ शकतो. म्हणून वाहन कर्जात डबा येत नाही. यात फायनान्सवाल्याचा खोटेपणा नाही.

डब्यांचं कर्ज वाहनाच्या खिडकीवर मागूच नका, यंत्रसामग्रीचं मुदत कर्ज म्हणून वेगळं मागा. चार-पाच डबे मुद्राच्या तरुण गटात, म्हणजे 10 लाखांच्या आत बसायला हरकत नाही. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी), जीएसटी बिलाचं कोटेशन आणि कंपन्यांच्या वर्क ऑर्डर जोडा. डब्यांवर ठळक क्रमांक रंगवा, कोणता डबा कुठे आहे त्याची वही ठेवा. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला ती वही दाखवली की त्याचा अर्धा संशय जातो.

आता तारण. सीजीटीएमएसई (छोट्या उद्योगांच्या बिनतारण कर्जाला हमी देणारी योजना) हा शब्द मॅनेजरसमोर तुम्ही स्वतः काढा, ते आपणहून काढतीलच असं नाही. त्या हमी योजनेची मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून 5 कोटींवरून 10 कोटी झाली आहे, तुमचे 30 लाख त्यात किरकोळ. हमीची फी तुमच्याकडून घेतली जाते, ती धरून एपीआर बघा. आणि एक गैरसमज नको: हमी बँकेला मिळते, तुम्हाला नाही. हप्ते थकले तर कर्ज तुमच्याच मानेवर राहतं. पण वडिलांचा सातबारा शाबूत राहतो.

वडिलांना सहकर्जदार करणार असाल तर त्यांच्या पीक कर्जाची नोंद आधी काढून बघा. माफीत बसलेली किंवा तडजोडीत मिटवलेली खाती सिबिलवर "सेटल्ड" दिसतात आणि फाइल तिथेच अडते. शाखेतून बेबाकी घेऊन दुरुस्ती करता येते, त्याला वेळ लागतो.

गोदाकाठ

मराठा असाल तर अण्णासाहेब पाटील महामंडळ बघा की ओ. 15 लाखांपर्यंतच्या कर्जाचं 12 टक्क्यांपर्यंतचं व्याज परत मिळतं. आमच्या गावात निम्मे पिकअप त्यावरच आलेत. आधी महामंडळाचं पात्रता पत्र काढायचं, मग बँक. उलटं केलं तर मिळत नाही. आणि हप्ता वेळेवर गेला तरच परतावा. तुमची रक्कम मोठी आहे, तेव्हा जिल्हा कार्यालयात आधी विचारून घ्या.

गंगापूर_फाटा

पात्र आहे. पण ठेकेदाराच्या कामाबद्दल कोणी बोलेना. मला खरं तर तेच पक्कं वाटायलंय. पाच वर्षांचं कर्ज, पाच वर्षांचं टेंडर.

उदगीर_नाका

पक्कं? आमच्या ओळखीतल्या एकाने अशीच गाडी लावली होती. टेंडर ठेकेदाराचं, गाडी याची, आणि दोघांतला करार शंभराच्या स्टँपवर दोन पानांचा. त्यात एक ओळ: "नगर परिषदेकडून देयक प्राप्त झाल्यावर रक्कम अदा करण्यात येईल." बिल निघालं की पैसे. बिल निघतं कधी? निधी आला की. निधी येतो कधी? ते मुख्याधिकाऱ्यालाही ठाऊक नसतं. फायनान्सवाला मात्र महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून हप्ता ओढतो. खात्यात पैसे नसले आणि तो परत गेला की बँकेचा दंड वेगळा, फायनान्सचा वेगळा. शेवटी बायकोचं सोनं ठेवून हप्ते भरले त्याने.

पाच वर्षांचं टेंडर म्हणजे पाच वर्षं पैसे असं कुठे लिहिलंय? प्रत दाखवायला सांगा. बऱ्याच ठिकाणी एक वर्ष आणि पुढे "काम समाधानकारक वाटल्यास मुदतवाढ" असतं.

हडको_कॉर्नर

त्यात अजून एक भर. कचरा टाकायची जागा. आमच्या शहरात (आताचं छत्रपती संभाजीनगर) फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावकरांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. त्यांचंही बरोबर होतं, वर्षानुवर्षं अख्ख्या शहराची घाण त्यांच्या दारात. मार्चमध्ये पालिकेच्या गाड्या मिटमिट्याला कचरा टाकायला गेल्या तर दगडफेक आणि लाठीमार झाला. रस्तोरस्ती ढीग पडले होते. गाड्या होत्या, ड्रायव्हर होते, टाकायला जागा नव्हती. मग चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी अशी प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. नगर परिषदेच्या कामात गाडी घालणार असाल तर आधी त्यांचा डेपो स्वतः जाऊन बघा. आजूबाजूचं गाव काय म्हणतंय ते टपरीवर चहा घेत विचारा. डेपो बंद पडला तर फेऱ्या शून्य, आणि फेरीवर दर ठरला असेल तर बिलही शून्य.

नांदेडची_सीए

जीएसटीचा भाग कोणी लिहिला नाही, आणि या धंद्यात खरा गुंता तिथे आहे.

तुम्ही थेट नगर परिषदेला घनकचऱ्याची निव्वळ सेवा दिलीत तर ती करमुक्त असते, कारण ते काम राज्यघटनेच्या 243-डब्ल्यू (पालिकांची कामं सांगणारं कलम) खाली येतं. ऐकायला छान. पण विक्री करमुक्त म्हणजे गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट गेलं. मालवाहू गाड्यांचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 झालाय, तरी 18 टक्के ही लहान रक्कम नाही.

कंपन्यांचा कचरा उचलता ते करपात्र. तिथे गाडी, हायड्रॉलिक, डबे, सगळ्याचं क्रेडिट मिळतं. पैसे हातात येत नाहीत, पुढच्या बिलांवरच्या करात वळते होतात. दोन्ही कामं एकाच गाडीने केलीत तर क्रेडिट प्रमाणात सोडावं लागतं.

आता ठेकेदाराची मेख. तुम्ही सेवा नगर परिषदेला देत नाही, ठेकेदाराला देता. तो स्थानिक संस्था नाही, त्यामुळे तुमच्या बिलावर कर लागतो. त्याची स्वतःची विक्री करमुक्त, म्हणून तुम्ही लावलेल्या कराचं क्रेडिट त्याला मिळत नाही. मग तो म्हणतो "दर जीएसटीसकट धरा". म्हणजे तो कर तुमच्या दरातून गेला. बोलणी करताना "जीएसटी वेगळा" हे शब्द लेखी घ्या, नाहीतर त्या कामाला हात लावू नका.

घसारा घेताना क्रेडिट घेतलेली जीएसटीची रक्कम गाडीच्या किमतीतून वजा करा. दोन्ही फायदे एकदम मिळत नाहीत.

गंगापूर_फाटा

मॅडम, हे ठेकेदाराने सांगितलंच नाही. तो म्हणाला कचऱ्याला जीएसटी नसतो.

नांदेडची_सीए

त्याच्यापुरतं खरं सांगितलं त्याने.

हप्तेबाज

मी फेरीचा हिशोब मांडतो. हप्ता 65,200, महिन्याला कामाचे दिवस 26 धरले तर रोज अडीच हजार फक्त हप्त्याचे. रोज चार डबे उचलले तर डब्यामागे सव्वासहाशे, दोनच उचलले तर साडेबाराशे. यात डिझेल, ड्रायव्हर, विमा, टायर काहीच नाही. तीन कंपन्यांचे मिळून रोज दोन डबे भरत असतील तर गाडी अर्धा दिवस उभी आहे. तुमच्या भावात डब्यामागे साडेबाराशे वेगळे काढता येतात का, ते तुम्हालाच ठाऊक.

जालना_सळई

वजनही बघा. सहा चाकीची एकूण मर्यादा साडेअठरा टन दिसते, पण त्यात चेसिस, हायड्रॉलिक आणि लोखंडी डबा मोजला की मालाला निम्म्याच्या आसपास उरतं. पुठ्ठ्याला काही अडचण नाही, तो जागा खातो, वजन नाही. पण फाउंड्रीची वाळू किंवा ओली राख भरली तर डबा अर्धा असतानाच मर्यादा ओलांडते, आणि कंपनीचा माणूस म्हणतो "अजून जागा आहे की". भाव डब्यावर न ठरवता जड मालाला टनावर ठरवा.

परळी_राख

साखर कारखान्याची राख आणि मळी (प्रेसमड) उचलायचा मोह सुटतो सगळ्यांना. कारखाना दिवाळीच्या आगेमागे पेटतो आणि उन्हाळ्यात विझतो. हप्ता बारा महिने. हंगामी काम वरकमाई म्हणून धरा, कर्जाच्या हिशोबात घेऊ नका.

निवृत्त_रोखपाल

वरील सगळ्यांशी सहमत. माझं मत विचाराल तर कर्जाची रक्कम टेंडर बघून ठरवू नये, कंपन्यांच्या वर्क ऑर्डरवर ठरवावी. तिथे पैसे वेळेत येण्याला कायद्याचा थोडा जोर आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. सरकारकडे ऑनलाइन तक्रारही करता येते. खरं सांगायचं तर चालू गिऱ्हाइकावर तक्रार कोणी करत नाही.

पण 2024-25 या कर निर्धारण वर्षापासून आयकरात 43बी(एच) आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. तेव्हापासून मार्च जवळ आला की कंपन्यांचा अकाउंट विभाग स्वतः फोन करून उद्यम प्रमाणपत्र मागतो. नगर परिषद आयकर भरत नाही, तिला या कलमाचं सुखदुःख नाही.

वाळूज_पंढरपूर

मोठी कंपनी असेल तर ट्रेड्सवर (छोट्या उद्योगांची बिलं मुदतीआधी वटवायचा ऑनलाइन मंच) बिल डिस्काउंट करून मिळतं का विचारा. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. त्यांनी बिल मान्य केलं की बँका बोली लावतात, थोडं व्याज कापून पैसे खात्यात. हप्त्याची तारीख गाठायला उपयोगी. आमच्याकडे पर्चेसवाला आधी "हे काय नवीन" म्हणाला, नंतर त्याच्याच फायनान्सवाल्याने करून दिलं.

आणि डबे कंपनीलाच घ्यायला का नाही सांगत? आमच्या दोन कंपन्यांनी स्वतःचे डबे केलेत. त्यांच्या भांडवली खर्चात जातात, आपल्याला उचलायचा दर थोडा कमी घ्यावा लागतो एवढंच. तोटा असा की उद्या दुसरा उचलणारा आला तर डबा तिथेच असतो आणि आपण बाहेर.

गंगापूर_फाटा

हे डोक्यातच आलं नव्हतं. पण डबा आपला असला की गिऱ्हाईक टिकतं, हेही खरंय.

हप्तेबाज

म्हणून तर डब्यांवर पैसे घाला आणि गाडीवर वाचवा. जुनी गाडी का बघत नाही? बीएस-4 म्हणजे आधीच्या प्रदूषण मापाची चेसिस स्वस्तात मिळते.

निवृत्त_रोखपाल

जुन्या गाडीला दर जास्त आणि मुदत कमी मिळते, म्हणजे किंमत कमी असूनही हप्ता फारसा उतरत नाही. शिवाय आठ वर्षांच्या पुढे फिटनेस दर वर्षी. जुनं हायड्रॉलिक सिलिंडर गळायला लागलं तर तीन कंपन्यांचे डबे एकाच दिवशी तुंबतात. एकच गाडी असणाऱ्याने जुनी घेऊ नये असं मला वाटतं. दुसरी गाडी जुनी चालेल.

उदगीर_नाका

हप्ता कधी सुरू होतो तेही विचारा. चेसिसचे पैसे सुटले की मीटर चालू. बॉडी बिल्डर म्हणतो महिना, लावतो तीन. मग त्याचा 22-ए फॉर्म (बॉडी नियमात असल्याचा दाखला), मग पासिंग. तोवर कमाई शून्य आणि दोन हप्ते गेलेले. सुरुवातीचे तीन महिने फक्त व्याज घ्या असं मंजुरीपत्रात लिहून घ्या. बँक ऐकते. फायनान्सवाला म्हणेल बघू. त्याच्या "बघू"वर सही करू नका, कोरे चेकही देऊ नका.

विम्यात वरच्या हायड्रॉलिकची किंमत धरलीय का ते पॉलिसीवर बघा. डबा उचलताना गाडी उलटली तर भरपाई आहे का हे लेखी विचारा. उलटण्याचा धोका कित्येक वेळा वेगळा घ्यावा लागतो.

भोकरदनी

मुदतीआधी फेडलं तर दंड असतो का?

हप्तेबाज

1 जानेवारी 2026 पासून मंजूर झालेल्या फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या कर्जाला बँकांनी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून असा दंड घ्यायचा नाही, रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. वाहन कर्ज बहुतेक फिक्स दराचं असतं, तिथे करारात लिहिलेलाच दंड लागतो. बँकेला फ्लोटिंग देता का विचारा. चांगलं काम लागलं तर दोन वर्षांत मोकळे व्हाल.

गंगापूर_फाटा

सगळ्यांचे आभार. आज शाखेत गेलो होतो. सीजीटीएमएसईचं नाव काढल्यावर मॅनेजर साहेबांनी खुर्ची पुढे ओढली, आधी बोलतच नव्हते. गाडीचं कर्ज वेगळं आणि चार डब्यांचं मुद्रातून वेगळं, अशी दोन कोटेशनं आणायला सांगितली. केएफएस फाइल लागल्यावर देतो म्हणाले. महामंडळाच्या पात्रता पत्रासाठीही अर्ज टाकतोय. ठेकेदाराला टेंडरची प्रत आणि "जीएसटी वेगळा" असं दोन्ही मागितलं, तेव्हापासून फोन उचलत नाही. त्यामुळे तो प्रश्न मिटला.

चौथी कंपनी शोधायलोय, हप्तेबाजांचा दोन डब्यांचा हिशोब काही केल्या झोप लागू देईना. शेंद्रा एमआयडीसीकडे कोणाची ओळख असेल तर खाजगी निरोप पाठवा. आणि एक: ट्रॅक्टरचं कर्ज कधीच फिटलंय, तरी बँक म्हणते आधी त्याचा कागद आणा. कोणता कागद?

निवृत्त_रोखपाल

ट्रॅक्टरच्या आरसीवर जुन्या फायनान्सचा बोजा अजून दिसत असणार. हप्ते फिटले म्हणून तो आपोआप निघत नाही. फायनान्स कंपनीकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 घ्या आणि आरटीओत जाऊन बोजा उतरवा. एनओसीला मुदत असते, जुनी झाली असेल तर नवीन मागा. हे आधी करा, मगच कोटेशनं घेऊन शाखेत जा.